स्वतः जळत नाही, पण ज्वलनास मदत करतो

ऑक्सिजन हा रंगहीन, गंधहीन, चवहीन वायू असून तो स्वतः जळत नाही, पण ज्वलनास मदत करतो, हे वाक्य मी चिखलीच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं, की आजही कुणी मला झोपेतून उठवून नाव विचारलं तर नावाआधी मी गुणधर्म सांगेन. पोटॅशियम क्लोरेट, मँगनीज डायऑक्साइड, बर्नर, पाण्यात उपडी धरलेली वायुपात्रं, आणि शेवटी टोकाला जेमतेम निखारा उरलेली काडी त्या पात्रात सोडायची, की ती भपकन पेटते आणि पोरं टाळ्या वाजवतात, असा तो प्रयोग. माझ्या वर्गात ती काडी विझायची. पोरं टाळ्या तरीही वाजवायची. तर या वायूचे आणि माझे संबंध हे असे. आणि डॉक्टर जेव्हा म्हणाले की नातीला आता घरी न्या, पण घरी काही महिने ऑक्सिजन लावावा लागेल, तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्यांनी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं.

पाहायला नको होतं.

आमची लेक पहिलटकरीण, पुण्याहून माहेरी आलेली. डोहाळजेवणाची तारीख ठरली होती, फुलांचे दागिने सांगून झाले होते, आणि ४० आठवड्यांचा मुक्काम २८व्या आठवड्यातच आटोपून नातबाई बाहेर आल्या. वजन किलोला थोडं कमी. देऊळगाव राजा, जालना करत आम्ही संभाजीनगर कसं गाठलं आणि तिथे काचेच्या पेटीसमोर महिने कसे काढले, ते मी सांगत बसत नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एवढंच सांगतो, की पोटात असताना बाळाला फुप्फुसांची गरज नसते, म्हणून निसर्ग त्यांचं बांधकाम अगदी शेवटी उरकतो, आणि आमच्या पोरीचा गृहप्रवेश त्याआधीच झाला. मग श्वासाच्या ज्या यंत्रानं तिला जगवलं त्याचाच ताण त्या कोवळ्या फुप्फुसांना बाधला. ती पुढे वाढत, स्वतःला सावरत जातात. पहिली काही वर्षं हे काम चालूच असतं. तोवर नाकात बारीकशी नळी आणि मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन. भोवतालच्या हवेत तो २१ टक्के असतो आणि तेवढ्यावर घाटावरचा नि घाटाखालचा सगळा बुलढाणा जिल्हा चालतो. आमच्या नातीला तेवढा पुरेना.

ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं तेव्हा गल्लीतली माणसं जमली आणि मला वर्ग मिळाला. मी सांगितलं की हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही. ते खोलीतली हवा ओढतं, आतल्या झिओलाइट नावाच्या खड्यांत नायट्रोजन अडकवून ठेवतं आणि उरलेला जवळजवळ ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन नळीतून सोडतं. शेजारच्या आजीबाई बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "म्हंजी सर, आपल्याच घरातली हवा आपल्यालेच इकत?" या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे मी तास संपवला आणि यंत्र उचलून घरातल्या सगळ्यात शांत, पवित्र, कोपऱ्यातल्या जागी नेऊन ठेवलं. म्हणजे देवघरासमोर. निरांजन तेवत होतं, उदबत्तीचं टोक लाल होतं, आणि मी, आयुष्यभर ‘ज्वलनास मदत करतो’ या शब्दांखाली दोन रेघा मारणारा माणूस, बटण दाबायला वाकलो होतो. सौ.नं फुंकर मारून निरांजन विझवलं, उदबत्ती तुळशीच्या कुंडीत खुपसली आणि एवढंच विचारलं, "तुम्ही नक्की विज्ञानच शिकवायचात ना?"

देव हलले. अख्ख्या घराण्याचे टाक पुढच्या खोलीत टीव्हीच्या फळीवर आले आणि त्यांच्यापुढे विजेचा दिवा लागला. तिकडे खामगावहून विहीणबाई आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत ओवा होता, बाळंतशेपा होत्या, धुरीसाठी मातीची शेगडी होती, घाण्याचं तेल होतं आणि खामगावच्या चांदीचे वाळे होते, जे आमच्या नातीच्या पायात नव्हे, कमरेत बसले असते. शिवाय तिचा एक पाय रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरच्या पट्टीनं अडवलेला. विहीणबाईंना समजावण्याची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. ऑक्सिजनजवळ निखारा नको, धूर नको, नाकातोंडाजवळ तेल, तूप, व्हॅसलीन काही नको, कारण अशा ठिकाणी तेलकट वस्तू लवकर पेट घेते, असं मी बाळाच्या पाळण्यावर वाकून, बोटांवर मोजत, चांगलं पाव तास सांगितलं. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या डोक्यावरनं गळतंय." सकाळीच मी अर्धी वाटी तेल चोपडलं होतं.

आता नळीचं सांगतो. यंत्र एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत असलं तरी चालावं म्हणून लांबलचक नळी दिलेली असते, आणि ती माझ्या पायांना शोधत घरभर फिरायची. मी तिला दाराच्या कडीला बांधली, कपाटाच्या मुठीला गुंडाळली, जाजमाखालून नेली. दर वेळी लेक मुकाट्यानं येऊन ती सोडवून जायची. एके दुपारी ऑक्सिमीटर ओरडू लागला. आकडा ९३च्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं दवाखान्यानं बजावलेलं, आणि तो ९१, ९० असा उतरू लागला. मी खुर्चीत बसलो होतो, शेजारी यंत्राची माहितीपुस्तिका होती, आणि संकटात डोकं थंड ठेवणारा माणूस म्हणून मला घरात जे स्थान मिळायला हवं होतं ते मिळवण्याची वेळ आली आहे हे मी ओळखलं. मी पुस्तिकेचं ‘बिघाड व उपाय’ हे प्रकरण उघडलं. मोठ्यानं वाचू लागलो. फिल्टर पाहा म्हटलं, सौ.नं पाहिला. पाण्याच्या बाटलीचं झाकण पाहा म्हटलं, विहीणबाईंनी पाहिलं. यंत्रवाल्या पोराला फोन लावला, त्याला क्रमानं लक्षणं सांगितली, तो म्हणाला नळी कुठे दबलीय का बघा, तर मी त्याला म्हटलं की बाळा, इतकं प्राथमिक आम्हाला कळतं. लेकीनं तोवर बाळाला उचललं होतं आणि नळीवरून हात फिरवत फिरवत ती माझ्यापर्यंत आली होती.

"उठा," सौ. म्हणाली.

मी उठलो. खुर्चीच्या पायाखालून नळी मोकळी झाली आणि आकडा ९६ वर गेला.

त्या दिवसापासून माझ्या खुर्चीखाली खडूचा चौकोन आला. चौकोनाबाहेर खुर्ची दिसली की घरातलं कुणीही, विहीणबाईसुद्धा, मला शिक्षा करू शकत असे.

ऑक्सिमीटर हीही एक पीडाच. बाळ पाय झाडतं, पट्टी सरकते, आकडा उगाच ७२ दाखवतो आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या काळजाचे ठोके दुप्पट होतात. बाळाकडे बघा, आकड्याकडे नको, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. रंग गुलाबी आहे का, श्वास सुखानं चाललाय का, दूध ओढतंय का. आम्ही सगळे आकड्याकडे बघायचो. मी तर मोठ्यांचा वेगळा ऑक्सिमीटर आणून रात्री स्वतःला लावू लागलो, एकदा तो ९१ दाखवू लागला, आणि आता आपल्यालाही नळी लागणार या विचारानं मी यंत्राकडे जरा आपुलकीनं पाहिलं. बोटं गार पडली होती. चहाचा कप हातात धरल्यावर मी बरा झालो.

एकदा मनात आलं, की एवढं मोजूनमापून कशाला द्यायचा, बटण थोडं पुढे सरकवलं तर पोरगी लवकर बाळसं धरेल. हात बटणाकडे गेला. "बाबा," लेक म्हणाली, "तिचे डोळे तपासताना मी दर वेळी खोलीबाहेर का जायचे, माहितीये?" मला माहीत होतं, निदान वाचलं तरी होतं. १९४०-५०च्या दशकांत दवाखान्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हातानं ऑक्सिजन दिला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. जादा ऑक्सिजननं डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, हे कळायला पुष्कळ वर्षं लागली. म्हणून तो औषधासारखा मापानं द्यायचा. मी हात मागे घेतला आणि तिथेच टेबलावरची धूळ पुसली.

घरात बाळ आल्याची बातमी फुटली आणि पाहुणे सुरू झाले. अशा बाळाला साधी सर्दीही पुन्हा दवाखान्यात नेऊ शकते, म्हणून दारावर मला नेमलं होतं. साबण, टॉवेल आणि ‘खोकला असल्यास बाहेरूनच आशीर्वाद द्यावा’ अशी पाटी. देऊळगावचे मामा मी परत पाठवले, मेहकरची आत्या परत पाठवली, सौ.च्या माहेरची अख्खी गाडी फाटकावरून वळवली, आणि मग एक दिवस शेगावला गजानन महाराजांचं दर्शन करून माझ्या बाजूचे चुलते, चुलती, त्यांची शिंकणारी तीन नातवंडं उतरली. त्यांच्या हातात शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा होता, गरम, तेलानं कागद पारदर्शक झालेला. पाटीत कचोरीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. सौ.नं त्या सगळ्यांना मधल्या दाराशी अडवलं, तिथूनच नमस्कार केला, तिथूनच निरोप दिला. पुडा ठेवून घेतला. मला त्यातली एक मिळाली, तीही गार.

तेव्हा मी तिला सांगत होतो, की बाळ बघायला गर्दी होणं ही काही आपल्याकडचीच खोड नाही. पॅरिसच्या तार्निए नावाच्या डॉक्टरनं प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि १८८०च्या सुमारास तसल्याच पेट्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करवून घेतल्या. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत या पेट्यांचा चक्क खेळ मांडला. १९०३ पासून १९४३ पर्यंत लोक पंचवीस सेंटचं तिकीट काढून पेटीतली बाळं बघायला रांग लावत. दवाखाने अशा बाळांवर खर्च करायला तयार नसत, म्हणून तिकिटाच्या पैशांतून तो नर्सा ठेवी, दूध पुरवी, आईबापांकडून छदाम घेत नसे. आणि हजारो बाळं त्यानं जगवली. "बघ," मी म्हटलं, "आपणही तिकीट लावलं असतं तर यंत्राचं भाडं निघालं असतं." सौ. म्हणाली, "तुम्हाला कुठल्या पेटीत ठेवायचं ते आधी ठरवू."

मे महिन्यात वावटळ आली. भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातल्या धान्यावरून अख्ख्या वर्षाचा पाऊस सांगतात. मला डोक्यावर आलेल्या काळ्या ढगावरून रात्री वीज जाईल एवढंही सांगता आलं नाही. वीज गेली. यंत्र शिट्टी मारून गप्प झालं. अशा वेळेसाठी खोलीत लहान सिलिंडर भरून ठेवलेला असतो, तो उघडायची चावी हरवू नये म्हणून मी ती कपाटाच्या लॉकरमध्ये, ठेवीच्या पावत्यांखाली ठेवली होती, लॉकरची किल्ली गादीखाली होती, आणि गादीवर विहीणबाई झोपल्या होत्या. त्यांना उठवून, किल्ली काढून, टॉर्च तोंडात धरून, पावत्या घरभर उडवून मी चावी घेऊन धापा टाकत पोहोचलो तेव्हा सिलिंडर केव्हाचा सुरू होता. लेकीनं दुसरी चावी सिलिंडरच्या गळ्यातच बांधून ठेवली होती. आणि हे मला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पण आता गणिताची वेळ होती आणि गणित माझा दुसरा विषय. सिलिंडरमध्ये १५०० लिटर वायू. मिनिटाला अर्धा लिटर. पंधराशेचे अर्धे साडेसातशे. साडेसातशे मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. बाहेर झाडं पडल्याचे आवाज येत होते, रस्ता बंद झाल्याची आवई होती, आणि उद्या दुपारपर्यंत वीज आली नाही तर काय, या विचारानं मी अंगणात जाऊन फोन सुरू केले. बुलढाण्याच्या भाच्याला उठवलं, मेहकरच्या मित्राला उठवलं, एका जुन्या विद्यार्थ्याला पिकअप घेऊन खामगावला पिटाळलं, आणि पुण्यात जावयाला अशा आवाजात ‘काळजी करू नका’ म्हटलं की तो चप्पल घालून गाडीतच बसला. आत आलो आणि हिशेब जाहीर केला. लेक बाळाला छातीशी धरून अंधारात बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबा, अर्ध्यानं भागायचं. अर्धं करायचं नाही. तीन हजार मिनिटं. पन्नास तास."

वीज अर्ध्या तासात आली. सकाळी आमच्या दारात चार सिलिंडर आणि एक जावई उभे होते.

हसून झाल्यावर लक्षात आलं, की लेक हसली नव्हती. ती बरेच दिवस हसत नव्हती. पाळण्याशेजारी बसून राहायची, आम्ही पाळी घेतो म्हटलं तरी डोळे उघडेच, जेवणाचं ताट गार व्हायचं, आणि एके संध्याकाळी न्हाणीघरातून नळ सोडल्याचा आवाज फार वेळ आला. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. मला वाटलं, आता बापानं धीर द्यावा. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, अगं, अपुऱ्या दिवसांची बाळं काय गरिबाघरीच होतात असं नाही, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या घरीसुद्धा झालं. १९६३च्या ऑगस्टमध्ये केनेडींना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन आपल्या हिच्या दुपटीहून जास्त, दोन किलोच्या वर, तरी फुप्फुसं कच्चीच. देशातले मोठमोठे डॉक्टर धावले, उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीत ठेवलं... गोष्ट रंगत आली होती आणि नेमका तेव्हा मला तिचा शेवट आठवला. ते बाळ ३९ तास जगलं.

"मग?" लेकीनं विचारलं.

"मग," मी म्हटलं, "संशोधनाला फार चालना मिळाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घाईघाईनं न्यूटनकडे वळलो, की तोही अपुऱ्या दिवसांचा, इतका चिमुकला की लहानशा भांड्यात मावला असता असं पुढे तोच सांगायचा, आणि चौऱ्याऐंशी वर्षं जगला. पण तोवर ती उठून गेली होती. सौ.नं नंतर मला विचारलं, की जगात एवढी बाळं असताना तुम्हाला तेच बरं सापडलं.

गाडी रुळावर आणली आशाताईनं. ही माझीच विद्यार्थिनी. विज्ञानात मी तिला कृपेचे गुण देऊन काठावर पास केलेलं. गावोगावच्या आशाताया आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्याचं मूळ आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, ३९ गावांत ते करून पाहिलं, आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले; १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्यावर जगानं डोळे चोळले. अंक न येणाऱ्या बाईलाही श्वास मोजता यावा म्हणून बंगांनी मण्यांचं एक साधन केलं होतं. आमच्या आशाताईनं घड्याळ समोर धरून मिनिटभर बाळाचं पोट पाहिलं आणि शेहेचाळीस म्हणाली. मी शेजारी बसून मोजत होतो. माझे ब्याण्णव आले. मी छातीवर हात ठेवून सौ.ला हाक मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, आत एक नि भायेर एक, असं मोजलं का तुमी?"

मी काही बोललो नाही. काठावर पास करताना मी तिला ऊर्जेच्या अक्षय्यतेवर चार वाक्यं सुनावली होती, ती आठवत होती.

मग तिनं बाळाला बाजूला ठेवलं आणि लेकीकडे वळली. "ताई, काल जेवल्या कधी? रात्री सलग झोपल्या किती? रडू येते का? उगाच?" लेक काही बोलेना. मी मदतीसाठी माझी नोंदवही पुढे केली. तीत तासागणिक बाळाचा आकडा होता, दुधाचे मिलिलिटर होते, ओले लंगोट होते, सिलिंडरचा काटा होता, वेगवेगळ्या रंगांची शाई होती. आशाताईनं पानं उलटली आणि विचारलं, "सर, याच्यात ताईचा रकाना कुठं हाय?" नव्हता. "बरं, डिंकाचे लाडू तरी खातात का?" सौ. म्हणाली, हो तर, डबाभर केले होते, संपलेसुद्धा. लेक पहिल्यांदाच बोलली. "मी एकच खाल्ला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रात्रपाळीत माणसाला काहीतरी लागतं.

त्या दिवशी आशाताईनं आमच्या घराचा कारभार हातात घेतला. रात्रीचा पहिला भाग विहीणबाई, दुसरा सौ.; लेकीनं दूध पाजायचं आणि वेगळ्या खोलीत, आकडा दिसणार नाही अशा ठिकाणी झोपायचं. रडू थांबलं नाही तर जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तोही आजारच. जावई आलाय तर त्यानं रजा वाढवावी आणि पुण्याहून आकड्यांचा तक्ता मागवण्यापेक्षा इथे लंगोट धुवावेत. जावयानं ते इतकं छान केलं की मला त्याचा थोडा रागच आला. राहिलो मी. आशाताईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"सर, तुमी बसा."

मला वाटलं, ही शिक्षा. तर नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एदगार रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली, कांगारूसारखी. कातडीला कातडी लागली की बाळाची ऊब टिकते, श्वास स्थिरावतो, वजन वाढतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तर सांगितलं, की हे लवकरात लवकर सुरू करा आणि दिवसाचे जमतील तेवढे तास करा. आई दमली तर बाप चालतो, आजी चालते. आजोबाही चालतो. अट एकच, की त्यानं काही करायचं नाही. उभ्या आयुष्यात माझ्या अंगच्या गुणाला वैद्यकशास्त्राचा असा पाठिंबा मिळाला नव्हता.

सौ.च्या जुन्या सुती पातळानं नात माझ्या छातीवर बांधली गेली, नळी भिंतीकडून नेली, खुर्ची खडूच्या चौकोनात. आकडा ९७. लगेच माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. दूधवाला आला, कुरिअरवाला आला, मोबाइल वाजून वाजून टेबलावरून खाली पडला, भिंतीवरची पाल माझ्या डोक्यावर येऊन विचार करत थांबली, आणि मी जागचा हललो नाही. पोरीनं माझ्या छातीवरचे केस मुठीत धरून ओढले. त्या कळेनं डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पलीकडच्या खोलीत लेक झोपली होती. दुपार सरली, संध्याकाळ झाली, तरी झोपली होती, आणि घरातला कुणीही माणूस, मीसुद्धा, तिला उठवायला गेला नाही. मीही झोपलो होतो. सौ. म्हणते, यंत्रापेक्षा माझा आवाज मोठा होता, आणि बाळ घोरण्याच्या तालावर श्वास घेत होतं.

मग अर्ध्याचा पाव लिटर झाला, पुढे फक्त रात्री झोपेत, आणि एका तपासणीला डॉक्टरांनी नळी काढूनच टाकली. नातीनं पुराव्यादाखल मोठं भोकाड पसरलं. देव टीव्हीवरून घरी आले.

दवाखान्यानं आम्हाला थोडं थांबायला सांगितलं, कारण एक नवं कुटुंब त्याच दिवशी यंत्र घेऊन बाळाला घरी नेणार होतं आणि त्यांच्याशी कुणीतरी अनुभवी माणसानं बोलावं असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. अनुभवी म्हटल्यावर मी घसा साफ केला. मनातल्या मनात २१ टक्के, झिओलाइट, तार्निए, कूनी, बोगोटा असा क्रमही लावला, केनेडी वगळून. त्यांची सून लेकीशी बोलत बसली, दोघी एकमेकींचे हात धरून मधेच हसत होत्या, तिची सासू सौ.ला लाडवांचं प्रमाण विचारत होती, आणि पांढरी टोपी घातलेले, माझ्याच वयाचे आजोबा तेवढे एकटे, हातात माहितीपुस्तिका घेऊन ‘बिघाड व उपाय’ वाचत बसले होते. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमी घरी काय करत होते?"

"मी बसायचो," मी म्हणालो.

"आधी नळीवर," सौ. म्हणाली.